गोवराचे पुरळ ओसरले, पण बाळाचा श्वास मोजला का?

२०२२च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीत, गोवराने बालके दगावली. त्याच सुमारास मालेगावातही साथ पसरली. मालेगाव, धुळे आणि सोनगीर एकाच मुंबई-आग्रा महामार्गावर आहेत. त्यामुळे सोनगीरसाठी ही दूरची बातमी नव्हती.

गोवरात लहान मुले कशाने दगावतात? पुरळामुळे नाही, बहुतेकदा न्यूमोनियामुळे. विषाणू श्वासमार्गाच्या अस्तराला इजा करतो, प्रतिकारशक्तीही कमी करतो. मग इतर जंतूंना फुप्फुसात शिरायला वाट मिळते. गोवर झालेल्या साधारण २० मुलांपैकी एकाला न्यूमोनिया होतो. कुपोषित मुलांना धोका जास्त.

म्हणून ‘गोवर पूर्ण बाहेर पडू द्या’ म्हणत वाट पाहू नका. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. गोवरात डॉक्टर ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोसही सलग दोन दिवस देतात.

एमआर लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत मिळतो. चुकलाच, तर ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत घेता येतो. त्याहून लहान, लसीचे वय न झालेल्या बाळाचे रक्षण मात्र शेजारच्या मुलांच्या लसीवरच अवलंबून असते.