संगणकाशी गट्टी : कधी सुरू होतो, कधी रुसतो!



"आमचा संगणक चार वेळा बटण दाबलं तर तीन वेळा शहाण्यासारखा सुरू होतो. एखाद्या वेळी मात्र पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि डब्यातून बीप... बीप... असा आवाज येत राहतो. दुकानात नेला, तर तिथे मस्त चालला! एक काका म्हणाले, काहीच झालेलं नाही. दुसरे म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. दादा म्हणतो, तूच गेम खेळून खेळून बिघडवलास. आता मी काय करू?"

सातवीतल्या एका मैत्रिणीचं हे पत्र. आधी दादाचा निकाल लावून टाकू. गेम खेळल्यामुळे असे बीप वाजत नाहीत! तेव्हा तुझी या आरोपातून सुटका. पण खरा गुन्हेगार कोण? तो शोधायचा तर थोडं गुप्तहेर व्हायला हवं. कारण कायमचा बंद पडलेला संगणक एका परीनं सोपा असतो. कधी चालणारा, कधी न चालणारा संगणक भल्याभल्यांना चकवतो.

बीप म्हणजे काय?

ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्याचं खरं नाव कॅबिनेट. त्याचं बटण दाबलं की विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा मुक्काम ठोकून असतो. शाळेत प्रार्थनेनंतर बाई हजेरी घेतात ना, तशी तो हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर! रॅम? ...रॅम?

रॅमकडून 'हजर' आलं नाही, तर पुढचं कामच अडतं. रॅम नसेल तर पडद्यावर 'रॅम सापडत नाही' एवढं लिहिणंसुद्धा त्याला जमत नाही. मग तो बिचारा बीप वाजवतो. किती बीप, लांब की आखूड, याचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या मदरबोर्डमध्ये वेगळा असतो. म्हणून मदरबोर्डसोबत आलेली पुस्तिका शोधा. ती सापडली नाही, तर मदरबोर्डवर छापलेल्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. काही मदरबोर्ड बीप वाजवत नाहीत. त्यांच्यावर बारीक दिवे असतात, आणि रॅमपाशी गाडं अडलं की त्यातला एक दिवा लागून राहतो.

गळकी भांडी!

रॅम म्हणजे संगणकाचा फळा. चालू काम त्यावर लिहायचं, वीज गेली की फळा साफ. पण हा फळा मोठा गमतीचा आहे. त्यातल्या प्रत्येक बिटसाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. त्यात विजेचा भार असला तर १, नसला तर ०. आयबीएम कंपनीतले रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ही कल्पना सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं.

अडचण एकच. ही भांडी गळकी असतात! भार हळूहळू निसटतो. म्हणून साधारण दर ६४ मिलीसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक भांडं तपासून पुन्हा भरावं लागतं. आठ जीबी रॅममध्ये अशी भांडी किती? सुमारे ६,८७० कोटी! यातलं एखादं भांडं जरा जास्त गळकं निघालं, तर चूक कधी होईल, कधी होणारही नाही.

१९७८ साली इंटेल कंपनीतल्या टिमथी मे आणि मरी वूड्स यांनी तर आणखी चमत्कारिक गोष्ट जाहीर केली. चांगल्या चिपमधलाही एखादा बिट मधूनच उलटत होता. चिप ज्या सिरॅमिक वेष्टनात बसवली होती, त्यात युरेनियम आणि थोरियमचा अगदी किंचित अंश होता. त्यातून निघणारे अल्फा कण त्या सूक्ष्म भांड्यांवर आदळत होते! पुढे वेष्टनासाठी जास्त शुद्ध माल वापरायला सुरुवात झाली.

आपल्या मैत्रिणीच्या संगणकात अल्फा कण शोधायची गरज नाही बरं का! घरातली कारणं बहुतेक वेळा साधी असतात.

आज ठीक, उद्या बंद, असं का?

रॅमची पट्टी मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये उभी बसते. तिच्या खालच्या कडेला बारीक सोनेरी टोकं असतात. डीडीआर४ पट्टीला अशी २८८ टोकं असतात. त्यातलं एखादं जरी नीट टेकलं नाही तरी हजेरी चुकू शकते.

आता विचार करा. कॅबिनेटमध्ये धूळ जाते. पावसाळ्यात हवा दमट होते. बोटांचा तेलकटपणा टोकांना लागलेला असतो. संगणक तापला की सगळे भाग किंचित प्रसरण पावतात, थंड झाला की आकुंचन पावतात. वर्षानुवर्षं हे चाललं, की नीट खटक्यात न बसलेली पट्टी आणखी सैल होऊ शकते. सकाळी थंड संगणक रुसतो आणि दुपारी तोच हसतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

मग दुकानात नेल्यावर तो चालला कसा? स्कूटरवरून, रिक्षातून नेताना जे धक्के बसले, त्यांनी पट्टी पुन्हा नीट टेकली असेल! दुकानदारकाका खोटं बोलले असं नाही. त्यांच्यासमोर बिघाड आलाच नाही.

पहिलं हत्यार : वही

स्क्रूड्रायव्हर नंतर. आधी एक वही घ्या आणि आठवडाभर नोंदी करा.

१. तारीख आणि वेळ.
२. दिवसातली पहिलीच सुरुवात, की आधी चालवून बंद केला होता?
३. सुरू झाला की नाही?
४. बीप किती? लांब की आखूड?
५. आधीच्या वेळेपेक्षा आज काय बदललं?

फक्त सकाळीच अडतो, असं दिसलं तर तो एक धागा. घड्याळ आणि तारीखही दर वेळी चुकलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपत आला असेल. शेजारचा फ्रीज सुरू होतानाच अडचण येत असेल, तर विजेकडे बघायला हवं. आणि ही वही घेऊन दुकानात गेलात, तर काकासुद्धा तुमचं म्हणणं जास्त लक्ष देऊन ऐकतील.

आता डबा उघडू या, पण...

घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. कारण बिघडलेली रॅम फाईल साठवताना गुपचूप चुकीचे आकडे लिहू शकते. आजीचे फोटो, दादाचा प्रोजेक्ट असा हळूच खराब झाला तर? खरी भीती काळ्या पडद्याची नाही, ह्याची आहे.

मग संगणक बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करा आणि वायर पूर्ण काढा. त्यानंतर कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या धातूच्या भागाला हात लावा. त्यामुळे अंगावरची स्थिर वीज रॅमवर जाणार नाही. आणि ज्या पेटीला मागून विजेची वायर जोडतात, तो एसएमपीएस कधीही उघडायचा नाही! वायर काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.

एका वेळी एकच!

आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पट्टी काढली, पुसली, स्लॉट बदलला, सेल बदलला, सगळं एकदम केलं आणि संगणक चालला, तर बरा कशानं झाला ते कधीच कळणार नाही. महिन्यानं बिघाड परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली पायरी : स्लॉटच्या टोकाचा खटका उघडा, पट्टी कडांना धरून काढा आणि पुन्हा तिथेच बसवा. तिच्या मध्याच्या जरा बाजूला एक खाच असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. खटक असा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकं सारखी दाबा. पुसणं-बिसणं काही नाही! नुसतं काढून घालण्यानंही टोकं एकमेकांवर घासली जातात आणि वरचा मळ निघतो. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं.

दुसरी पायरी : तरीही अडला तर टोकं साफ करा. आपल्याकडे दुकानांत खोडरबरची युक्ती फार लाडकी आहे. पण शाईचा खरखरीत रबर अजिबात नको. टोकांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, तो खरवडला जातो. तंतू न सोडणाऱ्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसणं सगळ्यात चांगलं. ते पूर्ण वाळल्यावरच पट्टी बसवा.

तिसरी पायरी : दोन पट्ट्या असतील तर त्यांना 'क' आणि 'ख' अशी नावं द्या. मग एका वेळी एकच पट्टी लावून चार तपासण्या करा. 'क' पहिल्या स्लॉटमध्ये, 'क' दुसऱ्या स्लॉटमध्ये, 'ख' पहिल्यात, 'ख' दुसऱ्यात. एकट्या पट्टीला कोणते स्लॉट चालतात, ते आधी पुस्तिकेत पाहा. बिघाड पट्टीच्या मागे मागे गेला, तर दोष पट्टीत. पट्टी बदलूनही बिघाड त्याच स्लॉटमध्ये राहिला, तर संशय स्लॉटवर, म्हणजे मदरबोर्डकडे. चारही वेळा अडला, तर कदाचित रॅम निर्दोष असेल आणि वीज पुरवणारा एसएमपीएस थकला असेल.

एक सूचना. डीडीआर५ रॅमच्या संगणकात पट्टी बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. तो नव्या पट्टीशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण बंद करू नका.

तीनदा चालला, म्हणजे बरा झाला?

इथेच सगळे फसतात! चार चिठ्ठ्या घ्या. एकीवर 'बंद' लिहा, तीन कोऱ्या ठेवा. घडी करून एक उचला, पाहा आणि परत टाका. कोरी चिठ्ठी येण्याची शक्यता चारात तीन. लागोपाठ तीनदा कोरी येण्याची शक्यता ३/४ × ३/४ × ३/४, म्हणजे २७/६४. शंभरात सुमारे ४२!

याचा अर्थ काय? तुम्ही काहीही दुरुस्त केलं नाही, तरी हा संगणक लागोपाठ तीनदा सुरू होण्याची शक्यता शंभरात ४२ आहे. दहा वेळा लागोपाठ सुरू झाला, तर नुसत्या योगायोगाची शक्यता शंभरात सहाच्या आसपास येते. म्हणून प्रत्येक बदलानंतर किमान दहा सुरुवाती मोजा. त्याही दोन-तीन दिवसांत विभागून, निदान काही तरी सकाळच्या थंड संगणकावर.

जोडीला रॅमची परीक्षा घ्या. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' असतंच. १९९४ पासूनचा 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवता येतो. तो रॅमच्या सगळ्या जागांवर ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताळा करतो. रात्रभर चालू द्या. या परीक्षेत ३५ गुणांना पास नाही! एकही चूक निघता कामा नये. चुका निघाल्या आणि रॅमचा वेग कोणी मुद्दाम वाढवून ठेवला असेल, तर तो मूळ वेगावर आणून परीक्षा पुन्हा घ्या. आणि एक लक्षात ठेवा. संगणक तापल्यावर टोकं नीट टेकत असतील, तर ही परीक्षा तो पास होईल आणि सकाळी पुन्हा अडेल. म्हणून वहीला सुट्टी नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द

नवा संगणक घ्यायच्या आधी मुलांची वही एकदा वाचा. दोष रॅमच्या पट्टीत निघाला, तर तेवढीच बदलता येते. बऱ्याच पट्ट्यांना अनेक वर्षांची हमी असते, तेव्हा जुनी पावती शोधून पाहा. नवी पट्टी घेताना डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ ते नीट सांगा. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणि डबा उघडताना मुलांच्या शेजारी बसा, पण स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात राहू द्या!

ओळखा पाहू!

एका घरात चार तपासण्या झाल्या. प्रत्येक वेळी दहा सुरुवाती मोजल्या.

'क' पट्टी, पहिला स्लॉट : १० वेळा सुरू.
'क' पट्टी, दुसरा स्लॉट : ६ वेळा सुरू.
'ख' पट्टी, पहिला स्लॉट : १० वेळा सुरू.
'ख' पट्टी, दुसरा स्लॉट : ७ वेळा सुरू.

संशयित कोण? बाबा नवी रॅम आणायला निघालेत. त्यांना जाऊ द्याल, की थांबवाल? कारणासह पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात!