टोकियो, पॅरिस आणि दम्माम

आमच्या लहानपणी केसांना बांधायचे दोन मण्यांचे रबर मिळायचे. दुकानात जाऊन ‘लव्ह इन टोकियो द्या’ म्हटले की दुकानदार बरोबर तेच काढून देई. १९६६ सालचा हा आशा पारेख आणि जॉय मुखर्जी यांचा सिनेमा आम्ही पाहिला तो पुष्कळ उशिरा. तोवर आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या मुली ओढणीखाली टोकियो लपवून कुरआन शिकायला जात होत्या.

मग एका वर्षी मामू दुबईहून रजेवर आले आणि सोबत व्हीसीआर घेऊन आले. साऱ्या मोहल्ल्याच्या बायका ओटीवर जमायच्या. ‘संगम’मधली युरोपातली मधुचंद्राची सफर पाहिली. ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ पाहिला. सिनेमाचे नाव पॅरिस आणि शेवटची मारामारी मात्र नायगाऱ्याच्या धबधब्यावर! पण आम्हांला त्याचे काय? आमच्या लेखी पॅरिस, टोकियो आणि नायगारा ही एकाच गावाची तीन नावे होती. त्या गावाचे नाव परदेश.

त्यानंतर आमचे घरात लक्ष लागेना. बांगडे साफ करता करता आम्ही व्हेनिसच्या होडीत बसत असू. शेजारी नवरा असे. त्याला चेहरा नव्हता, पण कोट होता. अम्मी ओरडायची, ‘अगं, भात करपला!’ आणि आम्ही युरोपातून थेट चुलीपाशी उतरायचो.

दोन महिने झाले आणि मामूंची रजा संपली. मामी मागल्या दारी तोंडाला पदर लावून उभी होती. व्हीसीआर घरात राहिला, मामू गेले. ज्यांनी ते यंत्र आणले, ते ज्या परदेशात राहत होते, तो परदेश त्या पडद्यावर कधीच दिसला नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

१९९२ साली आम्हांला स्थळ आले. ‘मुलगा बाहेर असतो, दम्मामला.’ कानांनी दम्माम ऐकले, मनाने पॅरिस. आम्ही लगेच कबूल म्हटले.

तिथे बायकोला न्यायचे तर नवऱ्याचे काम आणि पगार व्हिसाच्या नियमात बसावे लागतात. आमच्या ह्यांचे दोन्ही बसत नव्हते. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. हे २०१४ साली कायमचे घरी आले, तेव्हा एका रात्री आम्ही बोटांवर हिशोब केला. बावीस वर्षांच्या संसारात एकत्र राहिलो ते बावीस महिने. बाकीचा संसार पत्रांवर, कॅसेटमध्ये भरून पाठवलेल्या आवाजावर आणि पुढे फोनवर झाला.

त्या कमाईला आम्ही नावे ठेवणार नाही. तिच्यावर घर उभे राहिले, मुले शिकली. पण सिनेमातल्या परदेशात नेहमी दोघे असायची. आमच्या परदेशात एकटे हे होते, आणि इथे एकट्या आम्ही.

एकदा आम्ही ह्यांना विचारले, ‘दम्मामला समुद्र आहे ना? सुट्टीच्या दिवशी फिरायला जायचात का?’ हे म्हणाले, ‘शुक्रवारी नमाज झाली की आठवड्याचे कपडे धुवायचे. एका खोलीत सहा जण, नळ एक.’

हे सगळे आठवायचे कारण आमची भाची. गेल्या महिन्यात तिला कतारमधल्या मुलाचे स्थळ आले. उंच इमारतींसमोरचे त्याचे फोटो मोबाईलवर दाखवताना पोरीच्या डोळ्यांत तेच जुने टोकियो दिसले. आम्ही तिला स्वप्न पाहू नकोस म्हटले नाही. एवढेच सांगितले, ‘बेटा, तीन गोष्टी विचार. व्हिसा कसला आहे? तुला नेता येईल का, आणि कधी? रजा किती मिळते?’

आमची बहीण चिडली. ‘आपा, असे विचारले तर चांगले स्थळ हातचे जाईल!’ पण भाचीने विचारले. मुलगा सरळ निघाला. म्हणाला, ‘तीन वर्षे तरी नेता येणार नाही.’ आता पोरगी विचार करते आहे. हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, पण जे म्हणेल ते समजून म्हणेल. आमच्या वेळी एवढे कुणी विचारले नाही. आम्हीही नाही.

आणि आमचे व्हेनिस? गेल्या रविवारी ह्यांना म्हटले, ‘चला.’ धोपाव्याला फेरीबोटीत बसलो आणि दाभोळला उतरलो. बोटीत मोटारी होत्या, बकऱ्या होत्या, माशांच्या टोपल्या होत्या. ह्यांच्या अंगात कोट नव्हता, स्वेटर होता. पलीकडे चहा घेतला आणि त्याच बोटीने परत आलो. उतरताना हे म्हणाले, ‘पुढच्या रविवारीही येऊ या.’