हा किल्ला काळाने पाडलेला नाही

स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराकाठच्या अर्कहार्ट किल्ल्याच्या फोटोखाली कुणी ‘काळाने गिळलेला किल्ला’ असं लिहिलं की माझं डोकं फिरतं. काळ काही सुरुंग लावत नाही.

१२९६मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हा किल्ला घेतला. मग स्कॉट आणि इंग्रज तो एकमेकांकडून हिसकावत राहिले. १५४५मध्ये मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या साथीदारांनी या भागातून २,०००हून अधिक गुरं नेली. किल्ल्यातल्या तोफा, सामानसुमान, एवढंच काय, दरवाजेही सोडले नाहीत. १६९२मध्ये सरकारी शिबंदी किल्ला सोडून निघाली, तेव्हा तो जॅकोबाइट बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून तिनेच त्याचं प्रवेशद्वार उडवून दिलं. नंतर लोकांनी दगड आणि शिसं नेलं. १७१५च्या वादळात मनोऱ्याचा काही भाग कोसळला, हे खरं. पण निसर्गाचा वाटा तेवढाच.

आज पर्यटक याच भिंतींवरून पाण्यात नेसी शोधतात. तिची हवा १९३३पासूनची. सुरुंग त्याच्या २४१ वर्षं आधीचे.

‘काळाने पाडला’ म्हटलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही. म्हणून फोटो जरूर टाका, पण खाली लिहा: कुणी पाडला, कधी आणि कशासाठी.