विश्लेषण : थायलंडमध्ये मुक्काम हवा, पण वय पन्नाशीच्या आत… कोणते व्हिसा मिळतात? मेख कुठे असते?

चाळिशीतच नोकरीला रामराम ठोकायचा किंवा लॅपटॉपवरचे काम सोबत घेऊन एखाद्या निवांत, तुलनेने स्वस्त देशात काही वर्षे राहायचे, हा विचार आता पुण्या-मुंबईतील अनेक नोकरदारांच्या मनात घोळू लागला आहे. मुंबईहून विमानाने साधारण सव्वाचार तासांवर असलेले थायलंड या यादीत वर असते. मात्र तेथील निवृत्ती व्हिसासाठी वयाची पन्नाशी पूर्ण असावी लागते. त्याआधी जायचे तर वाटा आहेत, पण प्रत्येक वाटेवर वेगळा टोलनाका आहे.

निवृत्ती व्हिसाच्या अटी काय?

अर्जदाराचे वय किमान ५० वर्षे हवे. बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. एका बाथचे साधारण पावणेतीन रुपये धरले, तर ८ लाख बाथ म्हणजे सुमारे २२ लाख रुपये. ‘ओ-ए’ प्रकारच्या व्हिसासाठी आरोग्य विमाही सक्तीचा आहे. दहा वर्षांपर्यंत राहू देणारा ‘ओ-एक्स’ हा निवृत्ती व्हिसा मोजक्याच देशांच्या नागरिकांना मिळतो. त्या देशांत भारत नाही. निवृत्ती व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही.

पन्नाशीआधी सर्वात चर्चेतला पर्याय कोणता?

‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ अर्थात डीटीव्ही. हा व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. अर्जदाराचे वय किमान २० वर्षे आणि खात्यात ५ लाख बाथ, म्हणजे अंदाजे पावणेचौदा लाख रुपये, असावे लागतात. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणारे, फ्रीलान्सर, तसेच मुए थाई, थाई पाककला किंवा वैद्यकीय उपचार यांसाठी येणारे यात बसतात. जोडीदार आणि २० वर्षांखालील मुलांनाही सोबत नेता येते. अर्ज थायलंडबाहेरूनच करावा लागतो.

या व्हिसाची मुदत पाच वर्षांची असते. गैरसमज येथेच होतो. पाच वर्षे सलग राहता येते, असा त्याचा अर्थ नाही. एका प्रवेशावर १८० दिवस मिळतात आणि इमिग्रेशन कार्यालयाने मान्य केल्यास आणखी १८० दिवसांची वाढ मिळू शकते. त्यानंतर देशाबाहेर पडून पुन्हा यावे लागते. थाई कंपनीत नोकरी किंवा थाई ग्राहकांकडून पैसे घेऊन काम करण्याची मुभा हा व्हिसा देत नाही.

पैसे मोजून थेट दीर्घ मुक्काम मिळतो का?

मिळतो. पूर्वी ‘एलिट’ नावाने ओळखली जाणारी ‘थायलंड प्रिव्हिलेज’ ही सदस्यत्व योजना त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये तिची फेररचना झाली, तेव्हा पाच वर्षांच्या गोल्ड सदस्यत्वासाठी ९ लाख बाथ आणि दहा वर्षांच्या प्लॅटिनमसाठी १५ लाख बाथ असे शुल्क ठरले. पुढे साडेसहा लाख बाथचा पाच वर्षांचा ब्राँझ प्रकारही आणला गेला. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वयाची पन्नाशीची अट नाही. पण ही ठेव नव्हे, शुल्क आहे. एकदा भरलेले पैसे गेले. शिवाय त्यातून काम करण्याचा परवाना मिळत नाही.

भरपूर पगार असणाऱ्यांसाठी २०२२ पासून दहा वर्षांचा ‘एलटीआर’ व्हिसाही आहे. दूरस्थ काम करणाऱ्यांच्या गटात साधारणपणे वर्षाला ८० हजार डॉलर उत्पन्न अपेक्षित असते आणि कंपनीही मोठी असावी लागते. भारतीय पगारात ही अट फार थोड्यांना झेपेल.

विद्यार्थी व्हिसाची पळवाट चालते का?

थाई भाषेच्या वर्गात नाव घालून ‘ईडी’ व्हिसा घ्यायचा, ही जुनी युक्ती आहे. खरोखर शिकणाऱ्यासाठी हा व्हिसा योग्यच आहे. पण वर्गाला न जाता केवळ मुक्कामासाठी तो वापरणाऱ्यांवर इमिग्रेशनची नजर असते. हजेरी तपासली जाते, मुदतवाढीच्या वेळी थाई भाषेत प्रश्नही विचारले जाऊ शकतात. थाई नागरिकाशी विवाह झालेल्यांसाठी मात्र वयाची अट नसलेला मार्ग आहे. त्यात ४ लाख बाथ ठेव किंवा दरमहा ४० हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते.

पर्यटक म्हणून जाऊन-येऊन राहिले तर?

पर्यटकांना मिळणारा विनाव्हिसा प्रवेश ही सवलत आहे, हक्क नव्हे. मुदत संपत आली की सीमेपलीकडे पाऊल टाकून लगेच परत यायचे, या ‘व्हिसा रन’ला कंटाळलेले अधिकारी विमानतळावरूनच माघारी पाठवू शकतात. मुदत उलटूनही राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २० हजार बाथ दंड होतो. ९० दिवसांहून अधिक काळ जादा राहून स्वतःहून बाहेर पडणाऱ्यावर एक वर्षाची प्रवेशबंदी येते. पकडले गेल्यास बंदी किमान पाच वर्षांची.

‘आधी पर्यटक म्हणून या, नोकरीचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या एजंटापासून तर दूरच राहावे. अशाच आमिषाने थायलंडला उतरलेल्या अनेक भारतीय तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांतून ५०० हून अधिक नागरिकांना थायलंडमार्गे परत आणले.

व्हिसा मिळाल्यावर काळजी संपते?

नाही. सलग ९० दिवस राहिल्यावर इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. घरमालकानेही परदेशी भाडेकरूची नोंद २४ तासांत करायची असते. ईडी किंवा विवाहाच्या आधारावर मुदतवाढ घेतलेल्यांनी देश सोडण्यापूर्वी ‘री-एंट्री परमिट’ घेतले नाही, तर ती मुदतवाढ रद्द होते. गावाकडे आई-वडील आजारी पडल्याचा फोन आला आणि घाईत विमान पकडले, तर नेमका हाच कागद राहून जातो.

कराचे गणित कसे?

एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिल्यास थायलंड तुम्हाला करनिवासी मानते. २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न तेथे आणल्यास त्यावर कर लागू शकतो. दुसरीकडे, भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलो म्हणजे आपोआप अनिवासी झालो, असेही नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांना मिळणारी सूट केवळ राहायला गेलेल्यांना लागू होईलच असे नाही. दोन्ही देशांत दुहेरी करटाळणी करार आहे, पण त्याचा लाभ कागदपत्रे नीट ठेवणाऱ्यालाच मिळतो. शिवाय उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते. शिक्षण, उपचार आणि सहली वगळता अन्य कारणांसाठी १० लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

व्हिसाच्या जाहिरातीपासून सुरुवात करण्याऐवजी पन्नाशीपासून मागे मोजावे. बेचाळिसाव्या वर्षी डीटीव्ही घेतला, तर तो सत्तेचाळिसाव्या वर्षी संपेल. मधली तीन वर्षे कशाच्या आधारावर राहणार? पन्नाशीला ८ लाख बाथ उरलेले असतील का? भारतातील बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी परदेशातील उपचारांचा खर्च देत नाहीत, मग तेथील विम्याचा हप्ता कोण भरणार? वरीलपैकी डीटीव्ही, प्रिव्हिलेज किंवा ईडी यांपैकी कोणताही व्हिसा कायमच्या वास्तव्याचे आश्वासन देत नाही आणि नियम सरकार बदलले की बदलू शकतात. म्हणून पहिल्या वर्षी घर विकू नये, नोकरीतील संपर्क तोडू नयेत आणि परतीच्या तिकिटासह सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवावा. सहा महिने राहून पाहिल्यावरही तेथेच मन रमले, तर पुढचे पाऊल टाकायला उशीर झालेला नसतो. सगळे विकून गेलेल्याला मात्र परत येणे फार महाग पडते.