गाणे कोणाचे?
चित्रफितींतील संगीत, त्याचे निर्माते आणि त्याचे मालक

सभा, मोर्चे, संप, शिबिरे यांची दृश्ये मोबाइलवर टिपून तासाभरात हजारो लोकांपुढे मांडण्याचे साधन आज जवळजवळ प्रत्येक कार्यकर्त्याच्या हाती आले आहे. कागद, छपाई आणि टपाल यांच्या खर्चाने ज्यांचे हात बांधलेले असत, त्यांना हे साधन मोलाचे वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु या चित्रफितींना जोडल्या जाणाऱ्या संगीताचा प्रश्न मात्र आपल्यात अजून पुरेशा गांभीर्याने चर्चिला गेलेला नाही. एखादे लोकप्रिय चित्रपटगीत उचलावे, मोर्च्याच्या दृश्यांखाली लावावे आणि चित्रफीत प्रसृत करावी. पुढे तिचा आवाज बंद झाला अथवा ती काढूनच टाकली गेली, की ‘आपला आवाज दडपला’ अशी तक्रार करावी, ही रीत पडून गेली आहे. आवाज दडपला जातो हे काही वेळा खरेही असते. पण प्रत्येक वेळी ते खरे नसते. खरे कोणते आणि खोटे कोणते याचा निवाडा करावयाचा, तर संगीताची मालकी कोणाकडे असते, ती तिथे कशी पोचते आणि कायदा कोणाला काय देतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सात सेकंदांची शीळ

‘इंटरनॅशनल’ या गीताचाच दाखला घेऊ. यूजीन पोतिए यांनी १८७१ साली लिहिलेल्या या गीताला लील शहरातील कारखान्यात काम करणाऱ्या पिएर द गेटेर यांनी १८८८ साली चाल लावली. नोकरी जाईल या भीतीने गीतावर केवळ आडनाव छापले गेले, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या भावानेच त्या चालीवर हक्क सांगितला. १९१४ साली पिएर न्यायालयात हरले. १९२२ साली मात्र ती चाल त्यांचीच असल्याचे मान्य झाले. स्वतःच्याच गीतावर स्वतःचे नाव लावण्यासाठी एका कामगाराला इतकी वर्षे झगडावे लागले. १९३२ साली त्यांचे निधन झाले.

याच गीताची दुसरी बाजू २००५ साली पुढे आली. एका फ्रेंच दिग्दर्शकाच्या छोट्या चित्रपटात कोणीतरी ‘इंटरनॅशनल’ची धून सुमारे सात सेकंद शिळेवर वाजवतो, एवढ्याचसाठी त्याच्याकडे १,००० युरोंची मागणी करण्यात आली. फ्रान्समध्ये कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि त्यावर युद्धकाळाची वाढीव वर्षे असा हिशेब होता. त्यामुळे चाल तेव्हाही ‘मालकीची’ होती. भारतीय कायद्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांच्या हिशेबाने ती १९९२ अखेरच मुक्त झालेली आहे.

या एकाच गीताच्या इतिहासात आपल्या प्रश्नाची दोन्ही टोके दिसतात. निर्मात्याचा हक्क ही काही केवळ धनिकांची चैन नव्हे. श्रम करणाऱ्याला आपल्या श्रमावर नाव आणि दाम मागता यावे यासाठी तो हक्क आहे. आणि तोच हक्क निर्मात्याच्या हातून निसटून दुसऱ्याच्या तिजोरीत गेला, की लोकांनी ओठांवर घेतलेल्या गाण्यावरही पथकर बसतो. निर्मात्याचा हक्क आणि मालकाचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत केली म्हणजे एक तर आपण कंपन्यांचे वकील बनतो, नाही तर कलावंताच्या श्रमाची फुकट उचल करणारे बनतो.

आपल्याकडील लढा

भारतात हा भेद कायद्यात यायला फार काळ लागला. १९६०च्या दशकाच्या आरंभी पार्श्वगायकांना स्वामित्वधन मिळावे असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. महंमद रफी यांना तो मान्य नव्हता, आणि त्या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणी गायली नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत व संगीत करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक चित्रपटनिर्माताच ठरतो. त्या निकालाला न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले. १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात कायदामंत्री राहिलेल्या या न्यायमूर्तींनी गायकाच्या गळ्याला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही, या उणिवेवर बोट ठेवले होते. गायकवादकांना कलाकार म्हणून हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने.

२०१२ च्या दुरुस्तीने पुढचे पाऊल टाकले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ज्या दुरुस्तीची बाजू हिरिरीने मांडली, तिच्यान्वये गीतकार व संगीतकार यांनी करारावर सही केली तरी स्वामित्वधनाचा समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारे प्रदर्शन एवढाच त्याला अपवाद आहे. किमान वेतन जसे कामगाराला सहीनिशी सोडता येत नाही, त्याच जातीचे हे संरक्षण आहे. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला त्याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

म्हणूनच ‘संगीत जनतेचे आहे, मग परवानगी कसली?’ या युक्तिवादाला आम्ही मान्यता देऊ शकत नाही. संगीत जनतेतून येते हे खरे. परंतु ढोलकी वाजवणाऱ्याच्या घरची चूल त्या वाक्याने पेटत नाही. वस्तीतल्या शाहिराची ध्वनिफीत त्याला न विचारता, त्याचे नावही न देता आपल्या चित्रफितीत वापरणारा कार्यकर्ता आणि त्याच शाहिराला एकरकमी दोन पैसे देऊन हक्क लिहून घेणारा व्यापारी, या दोघांच्या हेतूंत अंतर असेल. शाहिराच्या पदरात पडणाऱ्या फळात मात्र फारसे अंतर नाही.

एका गाण्यातले तीन थर

कायद्याची रचना एकदा ध्यानात आली म्हणजे निम्मा गोंधळ दूर होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका ध्वनिमुद्रित गाण्यात तीन स्वतंत्र कृती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. त्यांखेरीज गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांचे हक्क वेगळे. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे चालते. कायद्याच्या व्याख्येत कोणतेही दृश्यमुद्रण हा ‘चलच्चित्रपट’च असल्याने, मोबाइलवर काढलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीला संगीत जोडणे आणि मोठ्या निर्मात्याने चित्रपटात गाणे घालणे या दोहोंना मूलतः एकच नियम लागू होतो.

तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत. पण श्रीनिवास खळे यांनी अभंगाला लावलेली चाल त्यांची आहे. २०११ साली ते गेले, तेव्हा ती २०७१ अखेरपर्यंत संरक्षित राहील, आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणाचा हिशेब आणखी निराळा. जोतीराव फुले यांचे अखंड मुक्त आहेत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली निवर्तले. त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘वुई शॅल ओव्हरकम’ची गोष्ट बोधप्रद आहे. चळवळीतल्या गायकांनी १९६०च्या दशकात त्यावर हक्क नोंदवला, आणि त्याचे उत्पन्न चळवळीच्याच कामी लावले. तरीही पुढे तीच नोंद चित्रपटकर्त्यांच्या वाटेत आली. दावा झाला, आणि २०१८ साली ते गीत लोकांसाठी मुक्त झाले. पण म्हणून ‘हम होंगे कामयाब’ हेही मुक्त झाले असे नव्हे. अनुवाद ही स्वतंत्र कृती असते, आणि तो अनुवाद ज्यांच्या नावे ओळखला जातो ते गिरिजाकुमार माथुर १९९४ पर्यंत हयात होते.

रास्त वापर म्हणजे काय?

‘तीस सेकंदांपर्यंत चालते’, ‘खाली श्रेय दिले की झाले’, ‘आपण पैसे कमावत नाही, मग हरकत नाही’ ही तीन वाक्ये सर्वत्र ऐकू येतात. भारतीय कायद्यात यांपैकी एकालाही आधार नाही. कलम ५२ मध्ये रास्त वापराची मुभा आहे ती खाजगी उपयोग, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तनिवेदन यांसाठी. एखाद्या गाण्यातील जातीय वा स्त्रीविरोधी आशयावर टीका करताना त्यातील ओळ ऐकवणे हा समीक्षेचा भाग होऊ शकतो. मोर्च्याचे वृत्त देताना तिथे गायले गेलेले गाणे ऐकू येणे हाही वृत्ताचा भाग म्हणून मांडता येतो. पण तेच गाणे नंतर घरी बसून शोभेसाठी दृश्यांखाली लावले, की तो आधार निसटतो.

या मुभेचे बळ १९९६ साली केरळ उच्च न्यायालयात दिसले. तोप्पिल भासी यांच्या ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केले’ या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाट्य लिहिले आणि त्यात मूळ नाटकातले प्रसंग व पात्रे घेतली. भासी यांच्या वारसांनी हरकत घेतली. न्यायालयाने किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ कृतीशी स्पर्धा होते काय, या तीन कसोट्या लावून प्रतिनाट्याच्या बाजूने कौल दिला. ते प्रतिनाट्य आपल्याला रुचो वा न रुचो. टीकेसाठी मोकळी जागा राहिली पाहिजे हे तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे.

यंत्राचा निवाडा

परंतु न्यायालयाने ठरवलेल्या कसोट्या यंत्र लावत नाही. यूट्यूबवर २००७ पासून चाललेली स्वयंचलित तपासणी केवळ आवाजाचा ठसा जुळतो की नाही एवढेच पाहते. ठसा जुळला की दावा लागतो. चित्रफीत अडवली जाते किंवा तिच्यावरील जाहिरातीचे उत्पन्न हक्कदाराकडे वळते. रीतसर तक्रार झाली तर ‘स्ट्राइक’ लागतो, आणि ९० दिवसांत असे तीन लागले तर सारी वाहिनीच बंद होऊ शकते. प्रति-नोटीस देता येते, पण त्यानंतर तक्रारदाराला कायदेशीर कारवाई दाखवण्यासाठी १० कामकाजाचे दिवस मिळतात. दहा दिवसांत एखादा संप मिटतो, नाही तर मोडतो.

सत्ताधाऱ्यांनाही हे हत्यार कळले आहे. २०२१ साली अमेरिकेत ओकलंड येथे पोलिसांविरुद्धच्या निदर्शनाच्या वेळी एका पोलीस अधिकाऱ्याने मोबाइलवर टेलर स्विफ्टचे गाणे मोठ्याने लावले. निदर्शकांनी घेतलेली चित्रफीत प्रसृत होऊ नये हाच हेतू, असे त्याने उघड सांगितले. आपल्याकडे तर कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निट प्रो प्रकरणात म्हटले. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनालाच हे कलम लागते आणि व्यापारी लाभ नसेल तर शिक्षा कमी करता येते, हे खरे. पण अटक आधी होते आणि युक्तिवाद मागाहून. निष्काळजीपणाने घेतलेले एक चित्रपटगीत विरोधकाच्या हाती आयते कोलीत देते, हे कोणीही विसरू नये.

आपण काय करावे?

प्रथम, परवानगी घ्यावी, आणि ती लेखी घ्यावी. प्रसिद्ध ध्वनिमुद्रण हवे असेल तर ध्वनिमुद्रणाच्या आणि शब्द-चालीच्या अशा दोन्ही हक्कदारांची घ्यावी. दुसरे, मुक्त परवान्याचे संगीत वापरताना परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत केवळ श्रेय पुरते, काहींत व्यापारी वापर वर्ज्य असतो; ज्यात बदलाला मनाई असते ते संगीत दृश्यांना जोडता येत नाही, कारण तसे जोडणे हाच बदल मानला जातो. एखाद्या माध्यमाने आपल्या ग्रंथालयात दिलेले संगीत तेथून काढून दुसरीकडे वापरता येईलच असे नाही. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, आपले संगीत आपण निर्माण करावे. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि चार गळे ज्या गावात नाहीत असे गाव विरळा. स्थानिक शाहिराला, वादकाला मानधन देऊन गाणे करवून घ्यावे. ते कुठे, किती काळ वापरले जाईल हे एका कागदावर लिहून उभयतांनी सही करावी. प्रत्येक चित्रफितीवर त्याचे नाव द्यावे.

याबरोबरच काही मागण्याही केल्या पाहिजेत. चित्रपटात पार्श्वभूमीला सहज आलेल्या चित्र-शिल्पांना कलम ५२ सूट देते. तशीच स्पष्ट सूट सार्वजनिक कार्यक्रमात सहज ऐकू आलेल्या संगीताला हवी. व्यापारी लाभाशिवाय झालेल्या उल्लंघनासाठी तुरुंगवासाची तरतूद रद्द झाली पाहिजे. चित्रफीत काढण्यापूर्वी ती करणाऱ्याला नोटीस मिळाली पाहिजे आणि निवाडा यंत्राने नव्हे तर माणसाने केला पाहिजे. आकाशवाणीच्या संग्रहातील शाहिरी आणि लोकसंगीत, कलाकारांना योग्य मोबदला देऊन, लोकांच्या वापरासाठी खुले झाले पाहिजे.

या मागण्या करण्याचा नैतिक अधिकार मात्र ज्याने गीतकाराचा वाटा बुडवलेला नाही त्यालाच असतो. पुढची चित्रफीत प्रसृत करण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एवढेच विचारावे: हे गाणे कोणी लिहिले, कोणी बांधले, कोणी गायले, आणि त्यांना आपण विचारले काय?