भाग बदलण्याआधी दोष शोधा

पावसाळा लागला की कोल्हापुरातील गॅरेजांपुढे मोटारसायकलींची रांग लागते. तक्रार बहुधा एकच असते : "मिस्त्री, चालता चालता गाडी बंद पडते." यावर पुष्कळ ठिकाणी प्रथम प्लग बदलला जातो, मग कॉइल, मग अख्खा कार्बोरेटर. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते. मात्र या खेपेस गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. आमच्या मिस्त्री बांधवांचे खरे नुकसान येथे होते.

आमचे मत स्पष्ट आहे. दोष शोधणे हेच मिस्त्रीचे मुख्य काम असून मजुरी त्याचीच घेतली पाहिजे. भाग विकून मिळणारा नफा ही दुय्यम गोष्ट आहे.

दोष शोधण्याची वाट सोपी आहे. पेट्रोल ज्या मार्गाने जाते त्याच मार्गाने मिस्त्रीने जावे. प्रथम टाकी पाहावी. गाडी काही अंतर चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडताच पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. तेथे एक पैशाचाही भाग लागत नाही. नंतर कॉक, त्याची जाळी, नळी व फिल्टर पाहावे. त्यानंतर कार्बोरेटर. गाडी पळते पण आयडलिंगला टिकत नाही, तर संशय पायलट जेटवर घ्यावा. जोरात पळवताना दम तोडते, तर मेन जेटवर. चोक ओढल्याशिवाय चालतच नसेल तर जेट तुंबला आहे किंवा मॅनिफोल्डच्या रबरातून हवा शिरत आहे. प्लगचा रंगही बोलतो : काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. पेट्रोल काढताना जवळ विडी किंवा शेगडी नसावी, हे शागीर्दांना रोज बजावावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी टाकीतील विजेचा पंप व इंजेक्टर आले. अशा गाडीची चावी फिरवली की पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज यावयास हवा. तो आला नाही तर फ्यूज, रिले व वायरिंग आधी तपासावे. पंप सर्वांत शेवटी, कारण तो महाग आहे. टाकीत सदैव थेंबभर पेट्रोल ठेवून फिरणाऱ्या गिऱ्हाइकासही समज द्यावी, कारण हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

दुसरा बदल आमच्याच शिवारातून आला आहे. ज्या उसावर हा जिल्हा जगतो, त्यापासून इथेनॉलही बनते आणि आता पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. सैल झाकणातून पावसाचे पाणी टाकीत गेले आणि प्रमाणाबाहेर वाढले, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो आणि कॉकमधून तोच थर आधी इंजिनात जातो. जुन्या टाकीतील साचलेला मळही इथेनॉलने सुटतो व जेटमध्ये येऊन अडकतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सीलही लवकर खराब होऊ शकतात. म्हणून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ते काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी थर दिसला तर टाकी रिकामी करावी. २०१९ व २०२१ च्या महापुरात ज्यांच्या दारात पंचगंगेचे पाणी आले, त्यांना टाकीतील पाण्याची ही गोष्ट वेगळी सांगावयास नको.

काही बांधव म्हणतील, "तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही." त्यात तथ्य आहे, परंतु ही सवय आपणच लावली आहे. तपासणीची मजुरी भिंतीवर लिहावी, दोष गिऱ्हाइकास डोळ्यांनी दाखवावा, काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा आणि बिल लिहून द्यावे. झाकणाचे छिद्र साफ करून जो मिस्त्री केवळ तपासणीची मजुरी घेतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुढे इंजिनाचे मोठे कामही घेऊन येते. आजची किरकोळ मजुरी ही उद्याच्या कामाची पेरणी आहे.

नव्या गाड्यांसाठी स्कॅनर लागतो. तो एकट्यास परवडत नसेल तर एका गल्लीतील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा, पाळीपाळीने वापरावा आणि मुलांपैकी एकास तरी ते काम रीतसर शिकवावे. ज्या शहराच्या उद्यमनगरातील कारागिरांनी ऑइल इंजिने बनवून गावोगाव पाठविली, त्या शहरातील मिस्त्रीस हे अवघड नाही. गिऱ्हाईक गाडी आपल्या भरवशावर सोडून जाते. ती अमानत आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.