विलायती मोटार आणि विक्रीची वेळ

जुन्या विलायती स्पोर्ट्स मोटारीचा मालक वर्कशॉपात येऊन ‘आता ही विकावी काय?’ असे विचारतो, तेव्हा आपण कारागीर मंडळी सवयीने बॉनेट उघडतो, कॉम्प्रेशन तपासतो, तेलाची गळती शोधतो आणि इंजिनाने दिलेल्या कौलावर आपला सल्ला बेततो. परंतु जे इंजिन आणखी दहा वर्षे निर्वेध चालेल अशी ग्वाही आपण देतो, त्याच इंजिनाचे बाजारातील मोल सरकारी दप्तरातील एखाद्या कलमाने त्याआधीच नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट आपल्या हिशेबात क्वचितच येते.

हे लिहीत आहोत त्या राणीसावरगावात, नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीतही, असली मोटार दृष्टीस पडत नाही. तथापि विक्रीची वेळ ओळखण्याची विद्या येथील शेतकऱ्यास आपल्याहून अधिक अवगत आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी बैल उभा करणारा इसम दात जुळल्यावर फार काळ थांबत नाही, कारण गिऱ्हाईक दातांवरून वय काढते आणि औत ओढण्याची ताकद शिल्लक असेल तोवरच बोली लावते. 2015 साली बैल व वळू यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली, तेव्हा थकल्या बैलाचे शेवटचे गिऱ्हाईकही बाजारातून उठले. बैल तोच होता. किंमत मात्र गेली.

विलायती मोटारीचे दात तिच्या नोंदणीपत्रात असतात. पहिली नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आयात मोटारीसाठी या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 40,000 रुपये झाली, आणि 20 वर्षे उलटलेल्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ती 80,000 वर गेली. अशा मोटारीच्या मालकास ही रक्कम जड नाही हे खरे. पण खरेदीदार तिच्यात पर्यावरण कर, फिटनेसची तपासणी आणि परिवहन कार्यालयातील हेलपाटे मिळवतो, आणि बोलीतून त्याच्या कैकपट वजा करतो. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरील मोटारीस ‘व्हिंटेज’ असा मान दिला, तोही रोजच्या वापराची मुभा काढून घेऊन. म्हणजे विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत ही मोटार नवीही नव्हे आणि पूज्यही नव्हे. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. आमच्या गंगाखेड तालुक्यातील ऊसउत्पादकास त्याचे अगत्य वाटणे स्वाभाविक आहे, परंतु जुन्या मोटारीतील रबरी नळ्या व सीले इथेनॉलसाठी घडवलेली नव्हती, आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेत असल्यामुळे वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या मोटारीची टाकी आतून गंजू लागते.

सचिन तेंडुलकर यांच्या फेरारी 360 मोडेनाचा इतिहास या दृष्टीने वाचनीय आहे. ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटने दिलेल्या या मोटारीची किल्ली 2002 साली सिल्व्हरस्टोन येथे शूमाकर यांच्या हस्ते त्यांना मिळाली. आयातशुल्काच्या माफीवरून पुढे गदारोळ झाला, आणि अखेर सुमारे 1 कोटी 13 लाखांचे शुल्क फियाटनेच भरले. 2011 मध्ये ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली: पंधरावे वर्ष दूर होते, आणि नावाचे वलय मोटारीबरोबर जाणार होते. आपल्या गिऱ्हाइकाजवळ हे वलय नसते. सबब त्याला दस्तऐवजांवरच भिस्त ठेवावी लागते.

म्हणून आमची शिफारस अशी की, विकण्याचा विचार असलेल्या मालकास तेराव्या-चौदाव्या वर्षीच सावध करावे. 360 सारख्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, जो किती किलोमीटर धावला याची पर्वा न करता सुमारे तीन वर्षांनी बदलावाच लागतो, तो विक्रीपूर्वी बदलून त्याचे बिल फाइलीत लावावे. कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवून घ्यावा. आणि फॉर्म 29 व 30 वर सही होईपर्यंत मोटार चालती ठेवावी, कारण बंद पडलेल्या मोटारीचा भाव सुट्या भागांचा व्यापारी ठरवतो. ज्याचा जीव मोटारीत खरोखर गुंतला आहे, त्याला मात्र यातले काही सांगू नये. त्याला तीन वर्षांनी बेल्टाचे बिल पाठवावे, आणि तो ते तक्रार न करता भरतो की नाही, एवढे पाहावे.